शोकेसमधला वाडगा

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरगूडला घरी होते. आईला सांगितलं. मांडणीवरचा वाडगा तिने धुतला, पदराने पुसला आणि शोकेसमध्ये नेऊन ठेवला...

कॉलेजला असताना मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेऊन राहायचे. गल्लीच्या टोकाला शैलाताईंची मातीची भांडी करायची शेड होती. माझ्या खोलीवर गोंगाट असायचा, म्हणून त्या मला शेडमध्ये बसून अभ्यास करू द्यायच्या. पेंगायला लागले की माती मळायला लावायच्या. तरुणपणी त्या जपानमधल्या एका खेड्यात कुंभाराच्या घरी राहून काम शिकल्या होत्या. रोजच्या जेवणाची भांडी हाताने करायची आणि खाली स्वतःचं नाव घालायचं नाही, ही तिथली रीत त्यांनी आयुष्यभर पाळली. भांडी मात्र कोल्हापूरची केली. त्यांचा वाडगा रश्शाला पुरेल इतका खोल, चटका बसू नये म्हणून उंच बुडाचा. ग्लेझच्या, म्हणजे चकाकीच्या पातळ लेपात बुडवताना त्यांनी जिथं धरलेला असायचा, तिथं तीन बोटांची जागा कोरी राहायची. "नाव कशाला, बोटं हायत की," म्हणायच्या.

मी पदवीधर झाले, घरातली पहिलीच. ताईंनी मला एक वाडगा दिला. आईने तो शोकेसमध्ये माझ्या पदवीच्या फोटोशेजारी ठेवला. आल्यागेल्याला दोन्ही एकदमच दाखवायची. पुढे एकदा ताई आमच्याकडे जेवायला आल्या आणि शोकेससमोरच थांबल्या.

"माई, ह्यो हितं काय करतोय?"

"लेकीच्या शिक्षणाचा हाय. वापरला तर फुटंल की."

"फुटू दे. मी हाय की दुसरा करायला. पण पुन्हा हितं दिसला तर परत न्हेणार बघा."

आईला राग आला. दिलेली वस्तू कुणी परत मागतं का? तरी तिने त्यांना त्याच वाडग्यात पांढरा रस्सा वाढला. ताईंनी पुन्हा पुन्हा मागून घेतला. "आत्ता झाला ह्यो वाडगा," म्हणाल्या, तेव्हा कुठे आई हसली. तेव्हापासून तो रोजच्या वापरात होता.

आता दुसरा करून देणारं कुणी उरलं नाही, म्हणून तो पुन्हा काचेआड गेला. मीही तो बाहेर काढला नाही. मलाही तो फुटायला नको होता.

गेल्या रविवारी मटण होतं. मी ताटं मांडली. आईने शोकेस उघडली, वाडगा काढला आणि काठोकाठ रस्सा वाढून माझ्यासमोर ठेवला.

"अगं, फुटेल," मी म्हणाले.

"फुटला तर फुटला. हितं ठिवला तर ती बाई येऊन न्हेईल की."

मी वाडगा उचलला. बुडाशी त्या कोऱ्या जागांवर माझी बोटं आपोआप बसली. रस्सा उकळता होता. चटका लागला नाही.