खोट्या कळा

अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा खेड्यांतल्या सुइणींना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नागपूरहून छापील नियम आले. बायकांनी ते घडाघडा पाठ केले आणि मी खूश झाले. पुढे गावी जाऊन आलेली त्यांच्यातली एक सांगू लागली, "बाई, अडली तं गाडी बोलवा, असा नेम व्हता. गाड्या तं साऱ्या कौंडण्यपूरच्या जत्रेले गेल्या व्हत्या. मंग मी वाट पायत बसली." ती अडलेली पोर वाचली, तिचं नशीब. माझं टाळकं फिरलं. सुइणीवर नव्हे, त्या कागदांवर.

कागद कपाटात कोंबले आणि मी स्वतःच अडलेली बाई बनून खाटेवर आडवी झाले. दर वेळी अडचण नवी. गाडी नाही, सरपण ओलं, सासू दार अडवून उभी. मी कण्हायचं, सुइणीनं ठरवायचं. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मी बालविधवा, कळा फक्त बघून ठाऊक; पण सोंग झकास वठायचं. खरं सांगते, मला त्या तासाची ओढ लागली होती. एरवी माझ्या अंगाला कुणाचा हात लागत नसे. शिकेपर्यंत त्या दवाखान्यातच राहायच्या; संध्याकाळी सगळ्याजणी मिळून भाकरी थापायच्या आणि मी माझ्या खोलीत एकटी जेवायची.

शेवटची परीक्षा हिवरखेडच्या एका माळीण सुइणीची. उद्यापासून ती गावात एकटी असणार, विचारायला कोणी नाही. तिथं चुकली तर एखादीचा जीव जायचा. मी कण्हायला लागले.

हात धुऊन तिनं नेमाप्रमाणे विचारलं, "मायेचं मानूस कोन हाय घरात? त्याले जवळ बसवतो."

सासू भांडून गेली, असं मी म्हणणार होते. तोंडून निघालं, "कोणी नाही."

"माय?"

"नाही."

"बहीन गिन?"

"कोणीच नाही गं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर खोचून खाटेवर चढली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. "मंग मीच बसतो. तुमी भिऊ नोका."

हे कुठल्याच नियमात नव्हतं आणि अगदी बरोबर होतं. पास, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की ती उठणार, सामान बांधणार, सकाळी हिवरखेडला जाणार. मी डोळे मिटून कण्हत राहिले.