मेंढरांनी सोडलेली जागा

भुताखेताचं मला कुणी सांगू नये. मी माळावर जन्मले, माळावरच मोठी झाले. उघड्यावर निजणाऱ्या बाईला भूत दिसायचं असतं तर केव्हाच दिसलं असतं. मला दिसले ते लांडगे, आणि मेंढरं चोरणारे. अंगात आलेल्या बायांच्या तोंडावर मी तांब्याभर पाणी मारलेलं आहे. नात म्हणाली, "आजी, त्या घराचं तूच लिही, मी लिहिलं तर लोक म्हणतील पोरीनं बनवलं." मी चौथीपर्यंत शिकलेली, जसं जमतंय तसं लिहितेय.

आधी घर घेणाऱ्यांच्या उपयोगाचं सांगते. घर उन्हाळ्यात बघा आणि दुपारी बघा. एजंट संध्याकाळी नेतो, तेव्हा वारा सुटलेला असतो, कुठलंही घर गार लागतं. नळ सोडून बघण्यात अर्थ नाही, टाकीतलं पाणी येणारच. शेजारणीला विचारा पाणी किती दिवसाआड येतं. सोलापुरात हा पहिला प्रश्न. भिंतीला नवा रंग असेल तर नखानं खरवडा. एजंट रागावला तर रागावू दे, राहायचं तुम्हाला आहे.

आम्ही धनगर. आमच्यात आणखी एक करतात. मुक्कामाची जागा पक्की करायच्या आधी तिथं मेंढी बसवून बघतात. यात देवधर्म काही नाही. जमिनीत ओल असेल, साप असेल, खाली पोकळ असेल, तर मेंढी बसत नाही. बसली आणि रवंथ करायला लागली की जागा चांगली. माझा बाप प्रत्येक मुक्काम असाच ठरवायचा.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा दत्ता कारखान्यात फिटर आहे. होटगी रोडला आतल्या बाजूला नवे रो-हाऊस झालेत, त्यातलं कडेचं एक त्याला आणि सूनबाईला, सुवर्णाला, आवडलं. पैसा माझा होता. माढ्याकडची माझ्या नावावरची जमीन विकली होती. मागे दुसरं काही नव्हतं. घर चुकलं असतं तर जमीनही गेली आणि छप्परही. दत्ता म्हणाला, "आई, तू व्हय म्हण, मगच सही."

फाल्गुन संपत आला होता. ज्वाऱ्या निघाल्या होत्या, आणि माझा धाकटा भाऊ भिवा कळप घेऊन तिथून जवळच्याच एका रानात उतरला होता. भर दुपारी आम्ही घर बघायला गेलो. मी रंग खरवडला, जिना चढले, संडासात उभी राहून बघितलं. घर ठीक होतं. एजंट म्हणाला, "मावशी, आज इसार द्या. दुसरी पार्टी उद्या येतेय."

"देऊ की. आधी मेंढी बसवून बघते."

तो दत्ताकडं बघायला लागला. "म्हणजे... पूजा का?"

"पूजा न्हाय. मेंढी."

सुवर्णा म्हणाली, "आत्या, नव्या टाइल्स हायत! लेंड्या कोण काढणार?"

"तू काढ. घर तुझंच होणार हाय की."

दत्तानं मामाला फोन लावला. भिवा आला तो सगळा कळप, वीस-बावीस मेंढरं, घेऊनच आला. "एकलीला कशी आणू आक्का? मागनं समदी येत्यात," म्हणाला. कळप समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कुत्र्याच्या हवाली केला आणि म्हातारी म्होरकी मेंढी तेवढी कान धरून दारापर्यंत आणली. सुवर्णा खराटा घेऊन तयारच उभी होती.

मेंढी उंबऱ्यावर थांबली. नाक वर करून वास घेतला आणि आत गेली. गुळगुळीत फरशीवर मेंढीचा पाय घसरतो, हिचा घसरला नाही. ती हॉलमध्ये गेली, पुढचे गुडघे टेकले, बसली आणि रवंथ करायला लागली.

"बसली," मी म्हटलं. "दे इसार." माझ्यापुरतं काम झालं होतं.

एवढ्यात मागून खुरांचा आवाज आला. समोरच्या प्लॉटवरचा कळप रस्ता ओलांडून येत होता... कुणी हाकलला नव्हता. कुत्रा भुंकत नव्हता, तो मागून मान खाली घालून चालत होता. भिवानं हाळी दिली, काठी आडवी धरली. मेंढरं काठीखालून, त्याच्या पायांमधून वाट काढत आत शिरली. सुवर्णा ओरडली, "अगं बाई, समदीच!" एजंट जिन्यावर चढला.

मग आवाज बंद झाला. एकही मेंढी ओरडेना. कोकरं आयांना शोधेनात. एकेक करून सगळी हॉलमध्ये बसली, गोल करून. मध्ये जागा सोडली.

हे माहीत नसलेल्याला सांगावं लागेल. दुपारच्या उन्हात मेंढरं कधी जागा सोडून बसत नाहीत. एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून दाटीनं उभी राहतात. मध्ये जागा सोडतात ती एकाच वेळी — मुक्कामाला धनी कळपात घोंगडं टाकून आडवा झाला की त्याच्याभोवती. सोडलेली जागा तेवढीच होती. एक घोंगडं मावेल एवढी. सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला होती.

भिवाचा कुत्रा आयुष्यात छपराखाली गेला नव्हता. तो आत आला, मेंढरांतून वाट काढली आणि त्या जागेच्या एका कडेला, पायथ्याला झोपावं तसा, पायांवर तोंड ठेवून पडला. शेपटी हळूहळू हलवत होता.

मी भिवाकडं बघितलं. त्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला होता.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "पायताण काढ."

मी काढलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग मध्येच, कुणी उठल्यावर उठावीत तशी, सगळी एकदम उठली. म्होरकी पुढं झाली आणि मागोमाग सगळी दारातून निघून गेली. धक्काबुक्की नाही, काही नाही. एजंट जिन्यावरून उतरला आणि हसत म्हणाला, "मावशी, मेंढरं तुमची शिस्तीची हायत! बघा, टाइल्स कशा चकचकीत!"

तेव्हा मी खाली बघितलं. सुवर्णा खराटा हातात घेऊन कोपरे बघत होती. एक लेंडी नव्हती. मुताचा एक थेंब नव्हता. एजंटला त्यात काय वाटणार? पण मी आणि भिवा जन्मभर मेंढरांत आहोत. बसलेली मेंढी उठते ती आधी घाण करते, मग पाऊल टाकते. एक नाही करत, दोन नाहीत करत, समजू शकते... पण सगळा कळप?

मी खाली बसून फरशीला हात लावला. मेंढरं बसलेली फरशी गार होती. मधली ऊन होती, माणूस नुकता उठून गेल्यावर अंथरूण असतं तशी.

"भिवा, कोण रे?"

"मला काय ठावं? हितं आदी समदा माळच हुता. कुणाकुणाची मेंढरं बसली आसतील."

"मग घेऊ का नको?"

तो उंबऱ्याबाहेर जाऊन पायताण घालत म्हणाला, "मेंढरं भिऊन बसली न्हाईत, आक्का. धन्याजवळ बसल्यागत बसली. तुला आजून काय पायजे?"

मी व्हय म्हटलं. त्याच संध्याकाळी दत्तानं सही केली.

आता आम्ही त्याच घरात राहतो. वाईट काही नाही, चांगलंही फार काही झालं नाही. पाणी चार दिवसाआड येतं, शेजारीण म्हणाली होती तसंच. कुणी म्हणतं खालून गरम पाण्याचा झरा असेल, कुणी म्हणतं उन्हानं तुमचं डोकं फिरलं असेल. फिरलं असेल माझं. पण सगळ्या कळपाचं कसं फिरलं, ते सांगा.

सोफा आणला तेव्हा दुकानातल्या माणसांनी तो बरोबर हॉलच्या मधोमध आणून ठेवला. मी काही बोलायच्या आत सुवर्णाच पुढं झाली, चप्पल काढली आणि त्यांना म्हणाली, "भिंतीला लावा, दादा. तितं बसत्यात."

"कोण बसतं, ताई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी सोफ्याचं एक टोक धरलं आणि म्हटलं, "उचला."