गुरुवारी दुपारी गेलेला मेल

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. मुलाने एकदा फोनवर सरळ विचारलं होतं, "बाबा, आईने ते शब्दांचं काम मध्येच का सोडलं?" मी ठोकून दिलं, "डोळे दुखायचे तिचे." तिचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते. सुईत दोरा मला तीच ओवून द्यायची.

आम्ही दोघं चारकोपला राहायचो. मी अजून राहतो. पत्नी पालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आणि दोन महिन्यांत कंटाळली. मुलगा परगावी जाताना आपला कॉम्प्युटर ठेवून गेला होता, त्यावर ती हळूहळू टाइप करायला शिकली. तेवढ्यात तिच्या जुन्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर तिला कुठल्याशा लग्नात भेटले. ते मुलुंडला राहायचे, मूळचे मालवणकडचे, आमच्यासारखेच. आपल्या बोलीतले शब्द विसरले जाण्याआधी लिहून ठेवू या, असं दोघांचं ठरलं. रोज सकाळी पाच शब्द हिने पाठवायचे, पाच त्यांनी. प्रत्येक शब्दाला एक वाक्य.

मला कुणी विचारलं नाही.

मालवणी मलाही येते. म्हणजे यायची. गिरणगावातल्या आमच्या चाळीत दुसरं काही बोललंच जात नव्हतं. पण पुढे अंधेरीच्या ऑफिसात साहेबासमोर एकदा 'जरासं'ऐवजी 'वायंच' म्हणालो आणि चार टेबलं हसली. त्या दिवसापासून मी घरीदारी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला लागलो. बायकोशीसुद्धा. चाळीस वर्षं ती माझ्याशी माझ्या मराठीत बोलली आणि आता सकाळी साडेआठला स्क्रीनसमोर बसून दुसऱ्याच माणसाशी आमच्या दोघांच्या भाषेत हसायची. मोठ्याने नाही. फक्त खांदे हलायचे. मी पेपरच्या आडून ते खांदे बघायचो.

"काय एवढं?" मी विचारायचो.

"काही नाही हो. मास्तरांनी 'मांगर' पाठवलाय. शेतातली झोपडी. तुम्हाला आठवतो का आमच्याकडचा?"

"नाही," मी म्हणायचो. आठवत होता. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या गावी गेलो, तेव्हा त्याच मांगरात आम्ही दोघं पाऊस थांबायची वाट बघत बसलो होतो. मग तो शब्द मास्तरांकडून का यावा?

कॉम्प्युटर सुरू केला की पासवर्ड विचारायचा. तो मुलाने तिला ठेवून दिला होता, मला माहीत नव्हता. थंडीत तिची बोटं आखडायची, दोनदा-तीनदा चुकायचा. एका सकाळी ती वैतागून म्हणाली, "या पासवर्डने माझा जीव खाल्ला." मी लगेच म्हणालो, "काढून टाकू या. घरात माणसं दोन. चाळीत आपण दिवसा कधी दाराला कडी लावली का? कडी लागली की लोक विचारायचे, कुणी आजारी आहे की भांडण झालंय? मग इथे कडी कशाला?"

ती हसली. "खरंच की."

साकीनाक्याहून एक गृहस्थ कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचे, पन्नाशीचे. त्यांना बोलावलं. त्यांना माझी कल्पना पटली नाही. "काका, काढतो मी. मशीन चालू झालं की सरळ उघडेल. मेलही उघडा राहील, सारखं विचारणार नाही. पण सांगून ठेवतो, मग जो खुर्चीत बसेल, त्यालाच हे मशीन काकू समजणार."

"घरात कोण येतंय चोर?"

"आणखी सोपा पासवर्ड ठेवू ना. चार अक्षरं. काकूंना जमेल."

"नको. हिच्या बोटांना त्रास होतो."

ते गेल्यावर तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या बोटांकडे तुमचं लक्ष असतं, मला माहीत नव्हतं." मी तो हात ठेवू दिला.

गुरुवारी दुपारी दत्ताच्या देवळात बायकांचं भजन असायचं. तीन ते साडेचार. पहिल्याच गुरुवारी मी खुर्चीत बसलो.

सगळं वाचलं. त्यात काहीही नव्हतं. व्हाळ म्हणजे ओढा, मांगर, तरवो म्हणजे भाताची रोपं. मधेच मास्तरांच्या पत्नीच्या गुडघ्याची चौकशी, मधेच आमच्या मुलाची. ते हिला 'बाय' म्हणायचे आणि ही त्यांना 'मास्तरांनू'. वाचता वाचता मला एवढं हलकं वाटायला लागलं होतं की उठून चहा करावा. तेवढ्यात 'घो' हा शब्द आला. घो म्हणजे नवरा. तिने वाक्य दिलं होतं: "माजो घो उगी रवता, पण तेचे कान हंयच आसतत." नवरा गप्प राहतो, पण कान इथेच असतात. खाली मास्तरांनी लिहिलं होतं, "बाय, ह्या वाक्य सगळ्यात बेस."

तिला ठाऊक होतं तर. पेपरच्या आड मी काय करतो, ते तिला ठाऊक होतं, आणि ते तिने मला नाही, त्यांना सांगितलं होतं. आणि दोघं हसली होती.

मी तिच्या नावाने चार ओळी लिहिल्या. प्रकृतीमुळे हे काम थांबवत आहे, कृपया यापुढे मेल अथवा फोन करू नये. ऑफिसात चाळीस वर्षं अशीच पत्रं लिहिली होती, हात थांबला नाही. पाठवलं. पाठवलेल्या मेलांतून पुसलं. मग त्यांचा पत्ता बंद करून टाकला, म्हणजे त्यांचं काही आलं तरी तिला दिसू नये. साडेचारला ती प्रसादाचा शिरा घेऊन आली. मी खाल्ला.

शुक्रवारी शब्द आले नाहीत. शनिवारीही नाहीत. तिने लिहिलं, "बरं आहे ना?" आठवड्याने पुन्हा लिहिलं.

"फोन करू का हो?" तिने विचारलं.

"दोनदा विचारलंस ना? उत्तर द्यायचं असतं तर दिलं असतं."

"माझं काही चुकलं असेल का? मी त्यांच्या एका शब्दाचा अर्थ खोडला होता."

"असेल," मी म्हणालो.

नाही म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं.

तिने फोन केला नाही. मानी बाई होती. सकाळचा कॉम्प्युटर हळूहळू बंद झाला. मला वाटलं होतं, आता ती माझ्याशी बोलेल. ती बोलायची, भाजीबद्दल, पाण्याबद्दल, माझ्याच मराठीत. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये एकदा म्हणाली, "मास्तर असं कसं तोडून गेले? मी कुणाला दुखवलं नव्हतं हो कधी." मी तिची उशी सरळ केली.

तेराव्यानंतर मास्तर आले. हातात जाड वही, सगळे शब्द त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवले होते. पहिल्या पानावर तिचं नाव आधी, मग त्यांचं. ते पान त्यांनी मला दाखवलं. मग म्हणाले, "तो मेल तिचो न्हवतो. गुरुवारी साडेतीनला आलेला. त्या वेळी ती भजनाला असायची, तिनेच सांगितलेलं. पुढे तिचे दोन मेल आले, मी उत्तर दिलं. तरी तिने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा समजलो, माझं तिला पोचत नाही. फोन केला नाही. म्हटलं, तिला घरात त्रास नको."

मी म्हणालो, "साखर किती घालू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नको," म्हणाले, आणि वही टेबलावर ठेवून निघाले. मी लिफ्टपर्यंत गेलो. दार बंद होईपर्यंत वेळ होता.

कॉम्प्युटर तसाच आहे. बटण दाबलं की काही न विचारता उघडतो आणि मला तीच समजतो. मास्तरांना चार शब्द लिहायला मी कितीदा बसलो, पण वर नाव तिचं येतं, आणि तिच्या नावाने एकदा लिहून झालंय. म्हणून आता हे इथे, माझ्या हाताने कागदावर, आणि खरं तर मास्तरांच्याही आधी जिला सांगायचं होतं तिला, जी भाषा मी तिच्याशी कधी बोललो नाही त्या भाषेत लिहितो: बाय, तुजा कायच चुकला नाय. ता मी केलंय. माका माफ कर.