दोनशे चाळीस वॅट

सुष्मिता कांबळे उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांसाठी घरी बसून पॅटर्न काढायची. वाळूत ठसा उमटवून त्यात लोखंडाचा रस ओततात, तो ठसा ज्यानं उमटतो तो पॅटर्न. तिचे वडील गणपती हेच पॅटर्न आयुष्यभर लाकडात कोरत आले होते. गेल्या वर्षी लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. तेव्हापासून लेक कॉम्प्युटरवर नमुना काढायची आणि बाप शेजारी खुर्ची ओढून, डाव्या हातानं तो पडद्यावर फिरवून तपासायचा.

कॉम्प्युटर एका पतसंस्थेनं मोडीत काढलेला, चपट्या डब्याचा. साधं काम त्याला झेपायचं. पण पंपाच्या वळसेदार कवचाला हात लावला की पडदा गोठायचा. गणपती थोडा वेळ वाट बघायचे, मग माउस ढकलून द्यायचे.

"ऱ्हाऊ दे. मला काय दिसतंय ह्यात?"

सुष्मिताला ह्याच वाक्याची धास्ती होती. बाबा एकदा खुर्चीतनं उठले की पुन्हा कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडतील, दवाखान्यातनं आल्यावर पडून असायचे तसे.

शाहूपुरीत मल्लेशचं दुरुस्तीचं दुकान होतं. पडद्यावरचा नमुना न गोठता फिरावा म्हणून ग्राफिक्स कार्ड पाहिजे, असं सुष्मितानं म्हटल्यावर त्यानं दोन पंख्यांचं दांडगं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"डोळं झाकून घ्या ताई. दहा वर्सं बघायला नको."

"आणि पॉवर? माझ्या सप्लायवर दोनशे चाळीस वॅट लिवलंय. ह्या कार्डाला वेगळी वायर लागती, ती माझ्यात न्हायच."

"जोड घालून दितो की. काय हुत न्हाय वो!"

बाबांच्या हाताला मुंग्या आल्या तेव्हा गल्लीतले सगळे असंच म्हणाले होते, काय होत नाही. आणि तिनंही ते ऐकून दवाखाना लांबवला होता.

"मी डबाच घेऊन येतो," ती म्हणाली.

रिक्षात मांडीवर डबा धरून ती परत दुकानात आली. खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायची. मल्लेशनं झाकण उघडलं, सप्लायवरचा आकडा वाचला आणि मोठं कार्ड बाजूला सारलं. मग आतल्या कपाटातनं वीतभर लांबीचं, एका पंख्याचं कार्ड काढलं.

"ह्याला वायर लागत न्हाय, बोर्डाच्या खाचंतनंच पॉवर घेतंय. तुमच्या सप्लायला झेपंल. पण खरं सांगतो, ह्याच्यात दम कमी हाय. तुमचा पंप फिरवंल का न्हाई, मी छातीठोक न्हाय सांगत."

मोठं घेतलं तर डबा जळायची भीती, लहान घेतलं तर बाबा पुन्हा माउस ढकलायची. स्टुलावर बसून ती दोन्ही कार्डांकडं बघत राहिली. मागनं गिऱ्हाईक ताटकळत होतं. शेवटी तिनं लहान उचललं.

घरी आल्यावर तिनं वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला. पडदा मात्र काळाच.

"काय झालं गं?" गणपतींनी विचारलं.

"काय न्हाय, बाबा," ती म्हणाली. तिनं मल्लेशला फोन लावला.

"पडद्याची केबल कुठं लावलीसा?"

"हुती तितंच."

"अवो, आता नव्या कार्डाला लावा की!"

केबल बदलली तसा पडदा उजळला. सुष्मिता खालीच बसली.

तिनं पंपाचं कवच उघडलं. गणपतींनी माउस धरला. नमुना एकदा अडखळला. मग तो सावकाश, न थांबता फिरला. एकदा, दोनदा. गणपती पुढं वाकले, पडद्याला नाक लागेल इतके.

"ही मान बघ. हितं उतार दिलाच न्हाईस. पॅटर्न उचलताना वाळू तुटंल."

"बाबा, उद्या द्यायचाय त्यो!"

"मग लाग की कामाला. मी हाय बसलोय."

सगळा वळसा नव्यानं काढायचा होता. सुष्मितानं डब्यावर हात ठेवून बघितला. गरम होता. एवढा गरम चालतो का, तिला ठाऊक नव्हतं. तिनं डबा भिंतीपासून हातभर पुढं ओढला, खिडकी उघडली आणि मानेची पहिली रेघ पुसली.