पंपाचा सोमवार

दुष्काळाच्या साली पालमच्या रस्त्याला, शाळेशेजारच्या सरकारी जागेत आमच्या गावचा बोअर पडला. काळा खडक फोडत गेल्यावर दीडशे फुटांच्या आसपास पाणी लागलं आणि त्यावर बिडाचा हातपंप बसला. एखाद्या घराच्या परसात बसवतात तसलाच तो पंप होता. गावात उंबरे होते दोनशेच्या वर. एका घरासाठी केलेल्या वस्तूवर दोनशे घरं तुटून पडली म्हणजे तिचं काय होईल, हा हिशेब कोणी केलेला दिसत नव्हता. आधी दांड्याची खीळ झिजली, मग दांडा लुळा पडला, शेवटी पंपाच्या डोक्याला तडा गेला. दुरुस्तीवाला येईपर्यंत गाव पुन्हा बारवेवर. असं एकदा नाही, बरेचदा झालं.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि आमच्याकडे बारव म्हणजे नारू. पायावर फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस खाटेला खिळतो. आग शमवायला माणूस तोच पाय बारवेच्या पाण्यात सोडतो आणि किड्याची पिलावळ सगळ्यांच्या पाण्यात उतरते. मला जास्त छळायची ती त्याची मुदत. आज प्यालेलं पाणी साधारण वर्षाने पायातून बाहेर येतं. आज सगळं ठीक आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मी गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. आकड्यांवरच पोट. दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोला नारू झाला. भिंत धरून, एका पायावर उड्या मारत ती चुलीपाशी जायची. मुलगी तेव्हा लहान होती. हिच्या पायाला हे लागू द्यायचं नाही, एवढंच मी मनाशी धरलं होतं.

मग एक तरुण इंजिनिअर जीपमधून नवा पंप घेऊन आला. हा पोलादी होता. दांडा एकाच जागी टेकलेला, तिथे छर्ऱ्यांचं बेअरिंग, आणि आतला गज साखळीला टांगलेला. त्यामुळे तो सरळ वर ओढला जायचा, कडेला घासायचा नाही. मी हात लावून पाहिलं. दांडा हलका होता. खाली नेला की साखळीचा खळ्ळ असा आवाज यायचा.

"आधीचा पंप तुम्ही मोडला नाही," तो गावकऱ्यांना म्हणाला. "तो तुमच्यासाठी केलेलाच नव्हता. हा केलाय. ह्याची अजिबात कीव करू नका, रात्रंदिवस चालवा. वर्षभर टिकला तर असे हजारो बसतील. पाण्याचे हाल काय इथेच आहेत? आफ्रिकेतसुद्धा जाईल हा."

मागच्या सरकारी पंपाच्या वेळीही असंच काहीतरी ऐकलेलं होतं. लोकांनी माना डोलावल्या.

नवा पंप तीन महिने एकदाही बंद पडला नाही, आणि त्यानेच घोळ झाला. आमच्या शेजारी एक वयस्क शेतकरी राहत. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. पारावर शेवटचा शब्द त्यांचा. त्या पंपावर त्यांचा जीव जडला होता. आमच्याकडे सोमवारी औत धरत नाहीत. बैलाच्या मानेला तेवढाच विसावा. माघात एका संध्याकाळी आबा पारावर म्हणाले, "मुकं जनावर राबतं तर आपुन त्याला वार देतो. ह्ये लोखंड राबायलंय, त्याला वार न्हाई? पहिला पंप कशानं गेला? दम न्हाई दिला म्हनून."

सगळ्यांना पटलं. पुढच्या सोमवारी पंपाला साखळी आणि कुलूप लागलं. किल्ली आबांच्या करदोट्याला.

मी म्हणालो, "आबा, सोमवारचं पाणी लोक मंगळवारी जास्तीचं काढणार. पंपाचं काम तेवढंच राहतं. आणि सोमवारी सगळं गाव बारवेचं पाणी पितं. आठवड्यातून एकदा विष घ्यायचं आणि सहा दिवस पथ्य पाळायचं, असा हा हिशेब आहे."

"शेकटरी, तुमचा हिशोब सोसायटीत ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "कदी बैल हाकलाव का?"

हसणं झालं. बौद्ध वस्तीतल्या बायका कडेला उभ्या होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही. बारवेत उतरायची त्यांना मुभाच नव्हती. सोमवारी त्या ओढ्यातला झिरा उकरत बसायच्या. हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यावर मी बोललो मात्र नाही, बोललो ते माझ्या घरापुरतं.

आम्ही रविवारी संध्याकाळी दोन दिवसांचं पाणी भरून ठेवू लागलो. आमच्याकडे रांजण होता. ज्यांच्याकडे दोन घागरीच होत्या ते काय भरणार? तरी मला वाटलं, आपलं घर तरी सुटलं. चैत्रातल्या एका सोमवारी मुलगी शाळेतून आली तर परकराची कड ओली.

"कुठे गेली होतीस?"

"बारवंत. समद्याच गेल्त्या."

"पाणी प्यालीस?"

"तहान लागल्ती." तिने ओंजळ करून दाखवली.

मी बायकोकडे पाहिलं. ती परातीतलं पीठ मळत राहिली. त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. सोसायटीत बेरीज दोनदा करायला लागायची. पुढच्या चैत्रापर्यंत काही कळणार नव्हतं, आणि कळलं तरी त्यावर औषध नव्हतं. तरी मी रोज दिवे लागले की मुलीचे पाय मांडीवर घेऊन बघायचो. "वर्साच्या आत दिसत नसतंय ते," बायको म्हणायची. मला माहीत होतं.

मी इंजिनिअरला कार्ड टाकलं. तो वैशाखात आला, नेमका सोमवारी, आणि कुलूप बघून तसाच उभा राहिला. लोक जमले. त्याने बेअरिंग समजावलं, साखळी समजावली. "हा दमत नाही हो. तुम्ही एक दिवस थांबवलात तर माझी चाचणीच फुकट जाते."

"सायेब," आबा म्हणाले, "तुमच्या त्या आफ्रिकेत सोमवार नसंल. आमच्यात हाय."

इंजिनिअरही हसला, पण त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझी बायको पदर सावरत पुढे आली. चारचौघांत ती कधी बोलायची नाही.

"आबा, तुमच्या म्हशीला कोन्ता वार असतोय वो?"

"म्हशीला कुठला वार, सूनबाई?"

"येक दिस धार न्हाई काढली तर?"

"कास दगडावानी व्हती. थान जातंय."

"मग ह्यो बैल हाय का म्हैस? वढितो का देतो?"

बायकांच्या घोळक्यातून एकजण फिसकन हसली आणि सगळीकडे हशा पिकला. आबांनी कुलपाकडे पाहिलं, मग करदोटा चाचपला. "शेकटरी," किल्ली काढत ते म्हणाले, "सोसायटीत हिला बसवा. तुमी भाकरी थापा."

साखळी निघाली. झाल्या सोमवारांचं मात्र काही करता येत नव्हतं. ते पोटात गेलेले होते.

पुढच्या फाल्गुनात आबांच्या घोट्यावर फोड आला. पंपाच्या ओट्याजवळ पाय लांब करून ते काडी गुंडाळत बसायचे. मला पाहून एकदा म्हणाले, "कोन्त्या सोमवारचा असंल वो ह्यो?" पंपावर गर्दी होती, साखळी वाजत होती. पोलाद अजून तसंच होतं. पाय पाण्यात सोडायला आता आबा बारवेकडे जात नव्हते. घरी घमेल्यात पाणी घ्यायचे.

चैत्र आला. एका संध्याकाळी मुलीच्या टाचेवर फोड दिसला. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी बायकोने नवी चप्पल माझ्यासमोर आपटली. "ह्यो बघा तुमचा नारू." चपलेचा पट्टा करकरीत होता आणि फोडाच्या जागी बरोबर बसत होता.

ज्येष्ठ उजाडला तेव्हा तिने विचारलं, "झालं का मोजून?"

"झालं असं म्हणता येत नाही. वर्ष आपलं साधारण असतं. एखादा महिना इकडे तिकडे."

"मग तवर घागर घ्या अन् चला."

आम्ही तिघं पंपावर गेलो. दांडा खाली आणायला मुलीचं वजन पुरायचं नाही, म्हणून ती त्याला लोंबकळायची. पाय जमिनीवरून सुटले की दोन्ही तळवे मागून दिसायचे. मी घागर धरल्याधरल्या ते पाहून घेतले.