दाराबाहेरची आरती
कापराचा वास आला की मला गुरुग्राममधल्या आमच्या फ्लॅटचं दार आठवतं. बाबांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीनेक महिने झाले होते. गणपतीच्या आदल्याच दिवशी तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, "बिल्कुल ठीक हैं आप," आणि मी त्या आनंदात अख्ख्या मजल्याला आरतीचं बोलावणं करून बसलो. समया लागल्या, झांजा निघाल्या, पण दरवर्षी पूजा करणारे बाबा यंदा पूजा माझ्यावर सोपवून दाराबाहेर चपलांच्या ढिगापाशी उभे. शेजारीण म्हणाली, "अंकल, अंदर आइए ना!" "यहीं ठीक है, हवा अच्छी आ रही है," ते हसून म्हणाले. त्या बंद कॉरिडॉरमध्ये वाऱ्याची झुळूकही नव्हती. आरतीचं तबक घेऊन मी जवळ गेलो, तसे हळूच मराठीत म्हणाले, "लघवी थांबत नाही रे अजून. अशा अंगाने देवापुढे कसा येऊ?" मी तबक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ज्योतीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. त्याला आता बरीच वर्षं झाली. रिपोर्ट दरवेळी चांगलाच येतो, आणि गणपतीत बाबा अजूनही चपलांपाशीच उभे राहतात.