पहिलं कडवं मराठीत

मी निघाले तेव्हा पप्पा शाळेच्या फाटकापर्यंतच आले. गाडीत जागा होती, मुंबईपर्यंत येता आलं असतं, पण त्यांचा चौथीवर तास होता. मराठी विभागाचे मुख्याध्यापक असूनही ते तास सोडत नसत. "तिकडे इंग्रजी झोकात बोल," ते म्हणाले, "पण फोनवर मला ऐकवू नकोस." मम्मी शाळेच्या आवारातल्या आमच्या क्वार्टरच्या पायरीवर रडत होती. मला वाटलं, एवढं काय रडायचं, ही पायरी कुठे पळून जाणार आहे? चार वर्षं परदेशात नर्सची नोकरी करायची आणि परत यायचं.

लेस्टरला आले ती इथलीच झाले. वॉर्डातल्या शिफ्ट, घराचं मॉर्गेज, मुलांशी इंग्रजी. पहिल्या रविवारी इथल्या चर्चमध्ये गीत सुरू झालं, चाल ओळखीची होती, आणि मी खणखणीत मराठीत सुरुवात केली. शेजारची बाई बघतच राहिली. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांचं कुठे ना कुठे असं झालंच असेल. आपल्याला कुठलंच गीत एका भाषेत येत नाही. पहिलं कडवं मराठीत, दुसरं इंग्रजीत, ही रीत शाळा काढणाऱ्या मिशनरी बाईंनी घातली होती. ओझरच्या कारखान्यातल्या साहेबांची मुलं इंग्रजी विभागात, रेल्वेच्या गँगमनची, माळ्यांची आणि आम्ही शिक्षकांची मराठीत. पण सकाळी रांग एकच. त्यांच्या कडव्यात आम्ही अडखळायचो, आमच्यात ते. पप्पा म्हणायचे, "अडखळू देत. दोघंही अडखळतात, म्हणून कोणी कोणाला हसत नाही."

मराठी विभाग एका दिवसात बंद केला असता तर निदान आरडाओरडा तरी झाला असता. संस्थेने फक्त पहिलीचे प्रवेश थांबवले आणि वरचे वर्ग रिकामे व्हायची वाट पाहिली. पप्पा विनवण्या करून थकले. "पालकांनाच नकोय, सर," एवढंच उत्तर. ते खोटंही नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. क्वार्टर पाडून तिथे पार्किंग झालं. दोघं पाथर्डी फाट्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले आणि मम्मी तिथेच वारली.

यंदा शाळेच्या वर्धापनदिनाला मी सुट्टी काढून गेले, ती पप्पांसाठी. त्यांनी कोट इस्त्री करून घेतला होता. "मराठी विभागाचं नाव तरी घेतील ना गं?" रिक्षात त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, घेतील की.

पडद्यावर शाळेचा इतिहास दाखवला. मिशनरी बाई आल्या, जुनी इमारत आली, स्कूल बस आली, स्विमिंग पूल तर तीन बाजूंनी आला. मराठी विभाग आला नाही. मी पप्पांकडे पाहायचं टाळलं. मग सगळे गीतासाठी उठले. सुरुवात इंग्रजीत झाली आणि पप्पांनी, जन्मभराच्या सवयीने, मोठ्याने पहिलं कडवं मराठीत धरलं. सगळ्या हॉलमध्ये ते एकटेच. मागची मुलं फिदीफिदी हसली. "आजोबा राँग गातायत!" एक तरुण टीचर लगबगीने आली आणि हळूच म्हणाली, "सर, प्लीज, रेकॉर्डिंग चालू आहे." तिला ते कोण हे माहीत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर गायला तोंड उघडलं, तोवर पप्पा खाली बसले होते.

"चांगला झाला कार्यक्रम," बाहेर आल्यावर ते म्हणाले. माझी सुट्टी फुकट गेली असं मला वाटू नये, म्हणून. मला तिथेच दगड उचलून हॉलच्या काचा फोडाव्याशा वाटल्या.

तुम्ही ग्रुपवर नव्या बिल्डिंगचे फोटो टाकता, खाली 'बॅक होम' लिहिता. मला चीड येते. माझं घर म्हणजे आता पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा एक म्हातारा माणूस आहे. त्यांची शेजारीण सांगते, हल्ली ते गात नाहीत.